पाडव्याचं खोबरदूध

पाडव्याला श्रीखंड करायचं नाही, हे सत्यशीलानं परस्परच ठरवून टाकलं. लग्न होऊन अजून वर्ष उलटलं नव्हतं आणि सूनबाई सणाचा बेत ठरवायला लागल्या. पण तिच्याकडं कारण होतं. जेवायला येणार होते धाकटे चुलतसासरे, धर्मराज. त्यांना दूध-दही सोसत नाही. घोटभर दूध पोटात गेलं की माणूस दिवसभर तांब्या घेऊन रानात, असं सासूनंच हसत हसत सांगितलं होतं. मग अशा माणसासमोर श्रीखंडाची वाटी ठेवायची म्हणजे बोलावून अपमान करण्यासारखंच झालं.

आणि आज अपमान परवडणार नव्हता. कडा गावाच्या पुढं माळावर ही वस्ती. एकाच बांधावर दोन भावांची दोन घरं, मध्ये सामाईक विहीर. दोन वर्षांपूर्वी पाण्यावरून या भावांत जुंपली होती. तेव्हापासून धर्मराजांनी थोरल्याचा उंबरा ओलांडला नव्हता. आज पहिल्यांदाच बायकोपोरासकट येत होते. कशासाठी येतात ते कुणालाच माहीत नव्हतं. "गोडीनं जेवून गेले म्हंजे मिळवलं," एवढंच सासू, छबुबाई, सकाळपासून म्हणत होती. "अन् हिरीचं नाव काढायचं न्हाई कुणी."

सत्यशीलाचं माहेर परळीचं. वैजनाथाच्या पायऱ्यांजवळ बापाचं नारळ-फुलांचं दुकान. त्यांच्या घरी पाडव्याला खोबरदूध असायचं. नारळाचं दाट दूध, त्यात गूळ, वेलदोडा, भिजवून वाटलेली खसखस, चिमूटभर बडीशेप, आणि माठाच्या गळ्याशी ठेवून गार केलेलं. चैत्राच्या उन्हात ते प्यायलं की जीव थंड होतो. दुधाचा थेंब नाही आणि दुधाची साय मात्र पुरेपूर. धर्मराजांसाठी याहून चांगलं काय असणार?

तिनं बाजारातून तीन नारळ आणवून ठेवले होते. त्यातला एक फोडल्याबरोबर असा वास सुटला की मांजरसुद्धा चुलीजवळून उठून गेलं. नारळवाल्याच्या लेकीला नासका नारळ लागावा! तिनं नवऱ्याला, आदिनाथला, मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. वाजवून बघून आणायला काय होत होतं? आता दोन नारळांचं दूध सात माणसांना कसं पुरणार? पाणी घालून वाढवलं तर त्याला खोबरदूध म्हणायचं की तांदळाचं धुवण?

तेवढ्यात तिला देव्हाऱ्यावरच्या फळीची आठवण झाली. तिथं लाल फडक्यात बांधलेला एक नारळ होता. लग्नात आईनं ओटीत घातलेला नारळ सासूनं देवाजवळ ठेवायला म्हणून घेतला होता, तो हाच असणार. ओटीचा नारळ घराबाहेर जाऊ द्यायचा नसतो, आपल्याच घरात गोडाधोडात घालायचा असतो. मग पाडव्याहून चांगला दिवस कुठला?

तिनं स्टुलावर चढून गाठोडं खाली घेतलं आणि फडकं सोडलं. शेंडी पाहिली नि तिला एकदम भरून आलं. तिचा बाप नारळ सोलताना शेंडी तशीच मोकळी सोडत नसे. दोन बोटांत घेऊन पिळायचा आणि टोक आत खोचायचा. साऱ्या परळीत तसं करणारा तो एकटाच. हालवून पाहिलं तर आत पाणी थोडंसंच, जड वाजत होतं. म्हणजे खोबरं चांगलं जाड धरलेलं. बापानं लेकीला निवडून दिला होता. तिनं देवाला हात जोडले आणि वरवंट्याच्या एका ठोक्यात नारळ फोडला.

खोबरं बोटभर जाड निघालं. तिनं तिन्ही नारळ खवले, कोमट पाणी घालून पाट्यावर वाटले आणि पातळ धोतराच्या फडक्यातून पिळून काढले. पहिलं दूध वेगळं ठेवलं, चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं काढलं. गुळाचं पाणी आधी गार होऊ दिलं, कारण गरम गूळ घातला की दूध फाटतं. मग खसखस, वेलदोडा. चमचाभर चाखलं आणि स्वतःवरच खूश झाली.

आदिनाथ आत आला तो "झालं का?" म्हणत. पाट्याजवळ पडलेलं लाल फडकं बघितलं आणि तिथंच थबकला.

"हे कुठून काढलं?"

"फळीवरनं. एक नारळ नासका निघाला. तुमीच आणलेला."

"त्यातला नारळ कुठाय?"

तिनं करवंट्यांकडं बोट केलं. आदिनाथ खालीच बसला. तोंडाचा रंग उडाला होता.

"सते, काय केलंस हे! तो शपथंचा नारळ व्हता."

मग त्यानं दाराकडं बघत, घाईघाईत, हलक्या आवाजात सांगितलं. पोरगी देताना सत्यशीलाच्या बापाला जे सांगितलं नव्हतं ते. भांडणाच्या घरात पोरगी कोण देतो? दोन वर्षांपूर्वी विहिरीवर नुसती बोलाचाली झाली नव्हती. कुऱ्हाडीचे दांडे निघाले होते. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, ती लग्नात सांगितल्यासारखी ट्रॅक्टरखाली सापडलेली नव्हती, चुलतभावानं, अमरसिंहनं, मोडली होती. आणि अमरसिंहच्या डोक्याला टाके पडले ते आदिनाथमुळं. शेवटी गावानं दोघांच्या बापांना भैरोबासमोर उभं केलं, एका नारळावर दोघांचे हात ठेवले. पाणी पाळीपाळीनं घ्यायचं, हात उचलायचा नाही. नारळ थोरल्याच्या देव्हाऱ्यात राहील. नारळ शाबूत तोवर शब्द शाबूत. तो फुटला की दोघंही मोकळे.

"आन् अमऱ्या त्याचीच वाट बघायलाय," आदिनाथ म्हणाला. "मोसंबी लावलीय त्यानं. त्याला सगळं पाणी पायजे. नारळ फुटल्यालं कळलं ना, तर आज हितंच मुडदा पडंल. त्याचा न्हाई तर माझा."

 पण सत्यशीलाच्या डोक्यात एक गोष्ट अडकून बसली होती. "आवो, पण तो नारळ तर—" ती म्हणाली आणि थांबली.

"पण काय?"

"काही न्हाई."

"मी कड्याला जाऊन दुसरा आणतो. तवर फडकं लपीव." आदिनाथनं मोटरसायकलला लाथ मारली आणि धुरळा उडवत गेला.

सत्यशीला करवंट्यांसमोर बसून राहिली. शेंडी तिनं पुन्हा हातात घेतली. पिळलेली, टोक आत खोचलेलं. बापाच्या हातचीच. दोन वर्षांपूर्वी भैरोबासमोर ठेवलेल्या नारळाला परळीच्या तिच्या बापाची शेंडी कशी असेल? तेव्हा तर या घरचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. आणि दोन वर्षांचा नारळ असता तर आत पाण्याचा थेंब नसता, खोबऱ्याचा गोटा सुटून खडखड वाजला असता. हा तिचाच ओटीचा नारळ होता. मग शपथेचा कुठं गेला?

मागं सावली पडली. छबुबाई दारात उभी होती. तिनं फडकं बघितलं, करवंट्या बघितल्या, सुनेच्या हातातली शेंडी बघितली. ओरडली नाही. ओरडली असती तर सत्यशीलाला बरं वाटलं असतं.

"आत्या, हा माझा नारळ हाय," सत्यशीला म्हणाली. "माझ्या बापाचा. ह्या फडक्यात कुणी बांधला?"

छबुबाईनं झटकन येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.  "गप ऱ्हा, माय. तुज्या पाया पडते. तुजा नारळ व्हता हे कुणाला बोलू नगंस."

"मग त्यांना वाटंल मी शपथ मोडली!"

"वाटू दे."

"का वाटू दे? मी कावून बोलणी खायची?"

 तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या आणि सारजाबाईचा, छबुबाईच्या धाकट्या जावेचा, आवाज आला, "हायेत का घरात?" छबुबाई पदरानं तोंड पुसून हसतमुखानं बाहेर गेली. सत्यशीलाला तिचा राग आला, भीती वाटली आणि कीवही आली, तिन्ही एकदमच. आपल्यावर आळ यावा म्हणून सासूनं हे केलं असेल का? नाही. तसं असतं तर तिनं पाया पडते म्हटलं नसतं.

बैठक ओसरीवर होती. सासरे, अर्जुनराव, खांबाला टेकून, समोर धर्मराज, त्यांच्या मागं अमरसिंह. दोघं भाऊ पावसापाण्याचं बोलत होते आणि बोलताना एकमेकांच्या गुडघ्यांकडं बघत होते. अमरसिंह बसला होता पण त्याचं लक्ष विहिरीकडं. दुपारी थ्री फेज येते, लाईट आली की मोटार चालते, हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं.

सत्यशीलानं पेले आणले. धर्मराजांनी हात मागं घेतला. "दूध नको बाई मला."

"दुधाचं न्हाई काका. नारळाचं हाय. तुमच्यासाठीच केलंय."

माणूस चमकला. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्यासाठी कुणी वेगळं काही केल्याची सवय नसावी. त्यांनी घोट घेतला, मग दुसरा, मग पेला संपेपर्यंत तोंडाचा काढलाच नाही. "लई झ्याक," ते म्हणाले. अर्जुनरावांनी स्वतःच्या हातानं तांब्या पुढं सरकवला. "घे अजून." भावानं भावाला वाढलं. दारामागं छबुबाईनं डोळे मिटले. सत्यशीलाला वाटलं, निभावलं. आता हे जेवतील आणि जातील.

पण धर्मराजांनी दुसरा पेला अर्धा ठेवला आणि घसा साफ केला.

"दादा, मी काय जेवायला आलेलो न्हाई."

"मग?"

"तो नारळ काढा. आज पाडवा हाय, आजच फोडू. दोगं बी मोकळे होऊ. पोरगं ऐकत न्हाई माझं. मोसंबी जळायलीय म्हणतंय. मी त्याला किती दिवस सांगू, नारळ हाय, नारळ हाय?"

"अन् मोकळं झाल्यावर?" अर्जुनरावांनी विचारलं.

 धर्मराजांच्या आधी अमरसिंह बोलला. "मग ज्याच्या हातात जोर, त्याचं पाणी."

"आरं बे, तोंड सांभाळ," अर्जुनराव म्हणाले, पण त्यांचाही हात मांडीवर घट्ट वळला होता. "आदिनाथ! कुठाय हा? आण तो नारळ. ह्यांना फोडायचाच हाय तर फोडू दे. मी बी कंटाळलोय."

आदिनाथ नेमका तेव्हाच मागल्या दारानं आला होता. त्यानं नवा नारळ घाईघाईत लाल फडक्यात गुंडाळला आणि ओसरीवर आणून ठेवला. सत्यशीलाकडं बघितलंही नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं होतं, लपवायचं आहे. फोडायचं आहे हे त्यानं ऐकलंच नव्हतं. अर्जुनरावांनी फडकं सोडलं आणि नारळ दगडावर धरला. धर्मराजांनी त्यावर आपला हात ठेवला. पुढच्या श्वासाला तो फुटला असता.

"मामा, थांबा!" सत्यशीला ओरडली. सासऱ्यासमोर तिचा आवाज आजवर चढला नव्हता. "तो आत्ता कड्याच्या बाजारातनं आणलाय. तो फोडून काय उपेग?"

धर्मराजांनी नारळावरचा हात काढून घेतला.

"मग फळीवरचा कुठाय?" अर्जुनरावांनी विचारलं.

"मी फोडला. सकाळी." तिनं पेल्यांकडं बघितलं. "तुमी सगळ्यांनी पेलात."

अमरसिंह ताडकन उभा राहिला. "झालं तर मग! फुटला न्हवं? तुमच्याच घरात, तुमच्याच सुनंनं फोडला." तो हसत होता आणि ते हसू बघवत नव्हतं. आदिनाथनं कोपऱ्यातलं खोरं हातात घेतलं. सारजाबाई "अमर, खाली बस, तुला माझी आण हाय" म्हणत त्याच्या हाताला लोंबकळली. त्यानं आईला झिडकारलं. अर्जुनराव सुनेकडं असे बघत होते की तिला वाटलं, मार परवडला असता.

"दळभद्रे," ते म्हणाले. "दोन वर्षं जपलेलं तू एका सकाळी—"

"तिला बोलू नका!"

छबुबाई दारातून पुढं आली. पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही. "तिनं तिचा नारळ फोडला. तिच्या ओटीचा. तुमच्या शपथंचा न्हवताच तो."

"काय बरळायलीस?"

"खरं बोलायले. तुमचा नारळ मागल्या वैशाखातच फुटला. कुणी फोडला न्हाई. वरच्या पत्र्याच्या झळांनी वाळला आन् आपोआप तडकला. सकाळी दिवा लावाया गेले, तर दोन भेगा पडल्याल्या. माझं पाणी पाणी झालं. तुमाला सांगितलं असतं तर त्याच दिशी तुमी काठ्या काढल्या असत्या. म्हणून तो विहिरीत सोडला आन् दुसरा बांधला. दुसरा दिवाळीनंतर नासला. सारखं बाजारातनं नारळ मागाया लागले तर विचारलं असतं, कावून? म्हणून हिच्या ओटीचा घेऊन बांधला. पाप केलं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

धर्मराज तिच्याकडं टक लावून बघत होते. "वैनी, म्हंजे मागल्या वैशाखापासून..."

"मोकळे हात तुमी. दोगं बी. वर्ष झालं."

आदिनाथच्या हातातलं खोरं खाली आलं. अमरसिंहचं हसू गेलं होतं, पण त्याचे डोळे हिशेब करत होते. वर्षभर मोकळे होतो. वर्षभर उगीच वाट बघितली. सत्यशीलानं ते त्याच्या चेहऱ्यावर वाचलं आणि तिला सासूचाच राग आला. खरं बोलायला हीच वेळ सापडली होती का बाईला? आता कुणाला धरून ठेवायला काही उरलंच नाही.

"वर्षभर पाळी कुणी मोडली का?" छबुबाईनं विचारलं. आवाज फाटला होता. "धर्मराजभावजी, तुमी एक दिस तरी ह्यांच्या पाळीत मोटार लावली का? आवो, तुमी लावली का? जनावरं तडफडली उन्हाळ्यात, तरी न्हाई लावली. मग फळीवर काय व्हतं तुमच्यासाठी? माझ्या सुनंच्या माहेरचा नारळ!"

 तेवढ्यात ओसरीवरचा पंखा घरघरला. लाईट आली होती.

सगळ्यांच्या माना विहिरीकडं वळल्या. अमरसिंहनं एक पाऊल पायरीवर टाकलं. आदिनाथनं खोऱ्याचा दांडा पुन्हा घट्ट धरला. सत्यशीलानं नवऱ्याचा सदरा मागून मुठीत पकडला आणि मनात म्हणाली, सदरा फाटला तरी सोडायचा नाही.

"आदिनाथ, ते ठेव खाली," अर्जुनराव म्हणाले.

"आण्णा, तो निघालाय—"

"ठेव म्हणलं ना!"

खोरं जमिनीवर आपटलं. अर्जुनराव भावाकडं वळले. मघापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"धर्मा, लाईट आली. आज तुझी पाळी हाय."

धर्मराजांनी लाल फडक्याकडं बघितलं. "आता मदी नारळ न्हाई, दादा."

"नसू दे. मी सांगायलोय न्हवं? जा, मोटार लाव."

अमरसिंह म्हणाला, "मी जातो."

"तू बस," धर्मराज म्हणाले. "उद्या तुझ्या चुलत्याची पाळी हाय. तवाबी तू असाच बसून ऱ्हायचं."

पोरगं बसलं नाही, पण पायरीवरून पाऊल मागं घेतलं. धर्मराज उठले आणि एकटेच विहिरीकडं चालू लागले. डोळे पुसत होते, म्हणून चपला घालायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. चैत्राच्या त्या तापलेल्या मातीतून अनवाणीच गेले.